बडोद्याच्या इंदिराराजे आणि शिफॉनची सहावारी

मराठी घरातील कपाटात काही वस्त्रे अशी असतात की ती कधी घेतली हे आठवत नाही आणि ती कधी जुनी झाली असेही वाटत नाही. फिक्या रंगाची शिफॉनची साडी त्यांपैकीच एक. घडी घातली तर मुठीत मावेल इतकी ती हलकी असते. आईची साडी मुलीला आणि मुलीची नातीला शोभून दिसते. पैठणीला मुहूर्त लागतो, शालूला लग्नघर लागते. शिफॉनला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. त्यामुळे ती पूर्वापार चालत आलेली असावी, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक तिचे भारतातील वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे आणि तिला साडीचे रूप व प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः एका मराठी राजकन्येकडे जाते. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड आणि महाराणी दुसऱ्या चिमणाबाई यांची एकुलती एक कन्या इंदिराराजे हीच ती राजकन्या. पुढे त्या कूचबिहारच्या महाराणी झाल्या.

इंदिराराजे यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ रोजी झाला. लक्ष्मीविलास राजवाडा तेव्हा नुकताच बांधून पुरा झाला होता. या वाड्याच्या दरबार दालनासाठी सयाजीरावांनी राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती. रविवर्म्यांच्या नायिका साडी नेसून उभ्या असतात आणि त्यांचा पदर, चुण्या व काठ हे चित्राच्या आशयाचाच भाग असतात. वस्त्र कसे पडते, कुठे थांबते, प्रकाश कसा झेलते, याचा हा धडा बडोद्याच्या राजवाड्यात भिंतीवरच मांडलेला होता.

वाड्याबाहेरचे बडोदेही त्या वेळी वस्त्रविद्येकडे गांभीर्याने पाहत होते. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षण देणारी संस्था स्थापन केली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे रंगाईचे शास्त्र, विणकाम आणि चित्रकला एका छपराखाली शिकवली जाऊ लागली. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. रंगारी आणि विणकर यांचे काम हे केवळ जातीचा वारसा नसून शिकण्याची व शिकवण्याची विद्या आहे, असे मानणाऱ्या संस्थानात इंदिराराजे वाढल्या.

घरातील वस्त्रपरंपरा मात्र पूर्णपणे मराठी होती. गायकवाडांच्या अंतःपुरात कासोटा घातलेले नऊवारी नेसण होते. चंदेरी, महेश्वरी, पैठणी आणि बनारसी शालू यांचे मोल जाणणाऱ्या स्त्रिया तेथे होत्या. चिमणाबाई स्वतः विचारी आणि करारी. हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १९११ मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. अशा आईची मुलगी गप्प बसणारी निघाली असती, तरच नवल.

इंदिराराजे अठरा वर्षांच्या असताना त्यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला. माधवराव त्यांच्याहून वयाने बरेच मोठे आणि विवाहित होते. पण गायकवाड आणि शिंदे या दोन मराठा घराण्यांचा हा संबंध सर्वांना मान्य होता आणि लग्नाची तयारीही सुरू झाली होती. डिसेंबर १९११ मध्ये सम्राट पाचवे जॉर्ज यांचा दिल्ली दरबार भरला. सयाजीराव तेथे पुरेशा राजभूषणांविना सम्राटासमोर गेले आणि त्यांनी केलेले अभिवादन ब्रिटिश अधिकाऱ्यांना उद्धटपणाचे वाटले. त्यावरून पुष्कळ गहजब झाला. पोशाख हे केवळ अंग झाकण्याचे साधन नसते, तो एक उच्चार असतो आणि सत्ता तो बारकाईने वाचते, हे एकोणीस वर्षांच्या इंदिराराजे यांनी त्या दिवसांत जवळून पाहिले.

त्याच दरबाराच्या धामधुमीत कूचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि दोघांनी एकमेकांना वरले. बडोद्याला परतल्यावर इंदिराराजे यांनी घरी न सांगता माधवरावांना पत्र लिहून विवाहास नकार कळवला. ग्वाल्हेरहून या पत्राविषयी विचारणा करणारी तार आली, तेव्हा आईवडिलांना ही गोष्ट समजली. घराणे दुखावले. जितेंद्र मराठा नव्हते. त्यांचे घराणे ब्राह्म समाजाशी जोडलेले होते आणि गादीवर त्यांचे थोरले बंधू होते. पण कन्येने माघार घेतली नाही. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये हा विवाह झाला. वधूचे आईवडील त्याला उपस्थित नव्हते. लवकरच जितेंद्रांचे बंधू निवर्तले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या.

त्यांचे हे सासर वस्त्रांच्या बाबतीत निराळ्या परंपरेचे होते. सासूबाई सुनीतिदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या. बंगालमधील सुधारक कुटुंबांतील स्त्रिया घराबाहेर पडू लागल्या, तेव्हा नुसते लुगडे गुंडाळून चारचौघांत वावरणे त्यांना अवघड वाटू लागले. ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत राहिल्या होत्या. तेथील पारशी स्त्रियांची पद्धत पाहून त्यांनी झंपर, परकर आणि खांद्यावर नीट बसवलेला पदर असे नेसण बंगालमध्ये नेले. ब्राह्म समाजातील स्त्रियांनी ते उचलले. इंदिराराजे यांच्यापुढे अशा रीतीने दोन वाटा होत्या : माहेरची नऊवारी आणि सासरची ही नवी सहावारी. त्यांनी सहावारी स्वीकारली. ही निवड पुढे महत्त्वाची ठरली, कारण शिफॉनसारखे तलम कापड कासोट्याच्या ताणात टिकत नाही. त्याला मोकळ्या निऱ्या आणि सैल पदरच मानवतो.

डिसेंबर १९२२ मध्ये लंडनमध्ये जितेंद्रनारायण यांचे अकाली निधन झाले. इंदिराराजे त्या वेळी तीस वर्षांच्या होत्या. पाच मुलांपैकी सर्वांत धाकटी दोन-अडीच वर्षांची आणि गादीचा वारस जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. शुभ्र वस्त्रांतील विधवा आई मुलांना घेऊन बोटीने मायदेशी परतली. लहानगी गायत्री पुढे जयपूरची महाराणी झाली आणि त्या प्रवासाची स्मृती तिने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे.

विधवेचे वस्त्र म्हणजे काय, हे त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नसे. महाराष्ट्रातील कित्येक ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या स्त्रीच्या वाट्याला तांबडे आलवण येई, तर बंगालमध्ये काठ नसलेली पांढरी साडी. रंग, काठ, दागिना, कुंकू यांपैकी काहीही तिचे उरत नसे. वस्त्र हीच तिची शिक्षा असे, आणि ती सर्वांना दुरून ओळखू यावी हाच त्यामागचा हेतू होता. इंदिराराजे यांनी या रूढीशी भांडण मांडले नाही. त्यांनी पांढरा रंग मान्य केला, पण त्यातील शिक्षा मात्र नाकारली. पांढरे नेसायचे, पण ते उत्तम पोताचे, उत्तम पडणारे आणि अंगाला सुखावणारे. मोत्यांसह, ताठ मानेने. शोकाचा रंग त्यांनी प्रतिष्ठेचा केला. पुढील काळात त्या रंगीत वस्त्रेही वापरू लागल्या, पण त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ती शुभ्र शिफॉनची साडीच.

शिफॉन हे कापड फ्रान्समधून येई. त्याच्या ताण्याबाण्यात रेशमी धाग्याला घट्ट पीळ दिलेला असतो आणि उलटसुलट पिळाचे धागे आलटूनपालटून वापरतात. विणून झाल्यावर रेशमावरील नैसर्गिक डिंक धुऊन काढला की पीळ सुटू पाहतो आणि सगळ्या कापडावर सूक्ष्म सुरकुती उमटते. या सुरकुतीमुळेच शिफॉन अंगाला चिकटत नाही, हलके राहते आणि खाली सरळ पडते. भारी रेशमापेक्षा ते थंड आणि सुती वस्त्रापेक्षा अधिक औपचारिक; उन्हाळी देशातील समारंभांना साजेसे. गायत्रीदेवींनी आईच्या या निवडीमागील कारण असेच सांगितले आहे.

अडचण होती ती पन्ह्याची. युरोपात हे कापड झगे शिवण्यासाठी विणले जाई. झग्याला तुकडे जोडता येतात. साडी मात्र अखंड हवी. कमरेपासून पावलांपर्यंत पोचून वर खोचायलाही उरेल, असा पन्हा तिला लागतो. इंदिराराजे यांनी पॅरिसमधील कापडाच्या पेढीला पंचेचाळीस इंच पन्ह्याचे शिफॉन मिळवून देण्यास राजी केले. पंचेचाळीस इंच म्हणजे सव्वा वार. एवढ्या एका मापाने परदेशी झग्याचे कापड भारतीय साडी झाले. नवा रंग नाही, नवे नक्षीकाम नाही, फक्त रुंदी बदलली. वस्त्रकाराच्या कामाचा गाभा पुष्कळदा असल्याच एखाद्या न दिसणाऱ्या निर्णयात असतो.

ही साडी नेसण्याजोगी करणे हेही सोपे नव्हते. पारदर्शक कापडाखाली परकराचा रंग अचूक जुळावा लागतो. रंगछटेत किंचित फरक पडला तरी तो वरून दिसतो. कापड कात्रीखाली सरकते, सुईने ओढले जाते, टाचणीने फाटते. पदर जागेवर राहावा म्हणून हलक्या कापडाला काठाचे वजन द्यायचे, तर तो काठ हाताने, अगदी बारीक टाक्यांनी जोडावा लागतो. नाहीतर कापड चुणते. हे सारे हातांचे काम होते आणि ते करणारे शिंपी, रंगारी, भरतकाम करणारे कारागीर यांची नावे कुठल्याही आठवणींत सापडत नाहीत. महाराणींच्या छायाचित्रातील सहज वाटणारा तो पदर या अनामिकांच्या डोळ्यांवरही उभा आहे.

इंदिराराजे यांना कोणी वेशभूषाकार म्हटले नाही. तशी पदवी तेव्हा भारतात रूढ नव्हती आणि राजघराण्यातील स्त्रीने व्यवसाय करावा, हे कल्पनेपलीकडचे होते. पण कामाच्या पद्धतीने पाहिले, तर त्या वेगळे काही करत नव्हत्या. गरज ओळखणे, कापड शोधणे, माप ठरवणे, कारागिराला नेमके काय हवे ते सांगणे आणि मनासारखे होईपर्यंत ते पुन्हा करवून घेणे, हाच त्यांचा क्रम होता. फ्लॉरेन्सचे विख्यात पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी पादत्राणांची मोठी मागणी नोंदवली आणि त्यांतील काही जोडांवर जडवण्यासाठी आपल्याजवळचे हिरे व मोती दिले. स्वयंपाकघरातही हाच बाणा. एका इटालियन पदार्थाची चव नेमकी काय असते हे कळावे, म्हणून त्यांनी आपल्या आचाऱ्याला रोममधील प्रसिद्ध उपाहारगृहात नेऊन तो पदार्थ खाऊ घातला होता. चांगले कशाला म्हणतात हे आधी समजले पाहिजे, हा त्यामागील विचार.

या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंदिराराजे युरोपातून शिफॉन मागवत होत्या, त्याच दशकात देशात आणखी एक पांढरी साडी उभी राहत होती. १९२१ मध्ये मुंबईत परळला परदेशी कापडाची होळी झाली आणि हजारो स्त्रियांनी जाडीभरडी खादी अंगावर घेतली. त्या खादीमागे सूत कातणाऱ्या हातांची मिळकत होती. शिफॉनमागचा पैसा परदेशी पेढ्यांकडे जात होता आणि तो मुळात संस्थानी प्रजेच्या करातून आलेला होता. जगद्दीपेंद्र सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, इंदिराराजे यांनी राजप्रतिनिधी म्हणून कूचबिहारचा कारभार पाहिला. पण परदेशातील दीर्घ वास्तव्य, मेजवान्या आणि जुगाराचा नाद यांमुळे त्यांच्यावर टीकाही झाली. चंदेरीच्या आणि पैठणच्या मागांवर बसलेल्या विणकराला महाराणींच्या या नव्या आवडीतून काहीच मिळाले नाही.

शिवाय, विधवेचे पांढरे वस्त्र सन्मानाचे करून दाखवणे त्यांना जमले ते संपत्तीच्या बळावर. खेड्यातल्या माजघरात बसलेल्या तरुण विधवेला ती मुभा नव्हती. तरीही, सर्वांच्या नजरेसमोर असलेल्या एका स्त्रीने वैधव्याचे वस्त्र लपण्यासाठी न वापरता मानाने वावरण्यासाठी वापरले, ही गोष्ट लहान नाही. तिचे छायाचित्र जिथे जिथे पोचले, तिथे विधवेने दिसायचेच नाही या समजुतीला एक डोळ्यांना दिसणारे उत्तर मिळाले.

शिफॉनचा पुढील प्रवास वेगाने झाला. गायत्रीदेवी १९४० मध्ये विवाह करून जयपूरला गेल्या आणि आईची आवड त्यांनी घागरा-ओढणीच्या त्या प्रदेशात नेली. राजस्थानच्या रंगाऱ्यांनी शिफॉनवर लहरिया आणि बांधणी उतरवली. परदेशी कापडाला देशी रंग मिळाला. मायलेकींची छायाचित्रे नियतकालिकांतून छापली गेली, त्यांचे अनुकरण झाले आणि शिफॉन व मोती हा उच्चभ्रू स्त्रीचा जणू गणवेशच झाला. शतकाच्या मध्यानंतर नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या धाग्यांतून स्वस्त शिफॉन निघू लागले आणि महाराणींची साडी शिक्षिकेच्या, परिचारिकेच्या, कार्यालयात जाणाऱ्या स्त्रीच्या अंगावर आली. तिला इस्त्री नको, कांजी नको, सकाळच्या घाईत ती पटकन नेसता येते. वस्त्र चिरकाल टिकते ते अशा उपयोगाने, नुसत्या रूपाने नव्हे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात आणि कूचबिहार भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले. इंदिराराजे यांचे माहेर आणि सासर, दोन्ही राज्ये नकाशावरून पुसली गेली. पाच अपत्यांपैकी दोघांचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि त्यातील मुमताज यांची आधीच शिवून ठेवलेली साडी देशभर गाजली. ती बेतली होती कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. पुढे ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. एका मराठी राजकन्येने आपल्या कपाटासाठी केलेले काम आता दुसरी मराठी स्त्री व्यवसाय म्हणून, स्वतःच्या नावाने करत होती. आपल्या गोमंतकात कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी विस्मरणात चाललेली कुणबी साडी पुन्हा मागावर आणली, तेव्हा त्यांनीही पन्हा, पोत आणि नेसण यांचाच नव्याने विचार केला होता. फरक इतकाच की त्यांनी तो विणकराच्या अंगणात उभे राहून केला.

आज लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे पाहायला मिळतात. कलाभवनाच्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा चालते आणि त्याच विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा विभागही आहे. तेथे शिकणाऱ्या मुली धाग्याचा पीळ मोजतात, कापड कसे पडते ते तपासतात, रंग पक्का आहे की नाही ते धुऊन पाहतात. पन्हा किती घ्यायचा, हा प्रश्न त्यांनाही पहिल्याच वर्षी पडत असेल. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याच गावातून निघालेल्या एका मुलीने त्या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. ते उत्तर आजही कपाटात घडी घालून ठेवलेले आहे.